एका नाण्याचा नेम

बेळगाव-निपाणी म्हटले की आम्हां गोवेकरांना काय काय आठवते ते सांगायला नको. चोर्ल्याच्या घाटातून उतरणारी भाजीची आणि दुधाची वाहने, कुंदा, लग्नाच्या साड्यांसाठी शहापुरात घातलेल्या खेपा, मुक्तीपूर्वीच्या काळात मॅट्रिकसाठी बेळगावला जाऊन राहिलेले घरातले एखादे आजोबा. रोज सकाळी दारात पडणारा 'तरुण भारत' हादेखील मूळचा बेळगावचाच, बाबुराव ठाकुरांनी 1919 साली सुरू केलेला. निपाणी म्हटले की तंबाखू. आणि दोन्ही नावे एका दमात घेतली की सीमाप्रश्न. व्हिडिओ गेम कुणाला आठवणार नाहीत. मलाही आठवले नसते, पण माझ्या मावसबहिणीचा मुलगा निपाणीत वाढला आणि बेळगावात इंजिनियर झाला, आणि त्याच्याकडे एक वही आहे. आजचा लेख त्या वहीवर आहे.

भाचा काही मोठा गेमर वगैरे नाही. चाळिशीचा गृहस्थ, नोकरी, बायको, एक मुलगी, हप्त्याचे घर. आठवड्यातून दोन-तीन रात्री जेवणानंतर तासभर खेळतो, बस्स. नवे गेम तो घेतच नाही. जुनेच पुन्हा पुन्हा खेळतो. गंमत अशी की साधे खेळत नाही. प्रत्येक गेमला स्वतःच एक अट घालून घेतो, ती वहीत लिहितो, आणि अट पाळून गेम संपला की पुढे तारीख टाकतो. 'कॉन्ट्रा : तीन लाइफ, कोड नाही.' 'मुस्तफा : एक नाणे, बंदूक उचलायची नाही.' 'प्रिन्स : एकही बाटली प्यायची नाही.' 'क्रिकेट 07 : फलंदाजीचा क्रम उलटा, अकरावा सलामीला.' अशी चाळीसेक पाने.

मी त्याला विचारले, "अरे, खेळ आधीच कठीण असतो, त्यात हे कशाला?"

"मामा, खेळ येतोय की मला. येतोय ते खेळून काय करू?" तो म्हणाला. निपाणीकडच्या बोलीतला तो 'की' मला फार आवडतो. कानडीच्या शेजारात राहून मराठीला लागलेली ती एक गोड सवय आहे.

जगभर हे चालते, हे मला त्याच्याकडूनच कळले. पोकेमॉनच्या खेळात एका अमेरिकन तरुणाने 2010 साली स्वतःसाठी दोन नियम केले. नव्या प्रदेशात जो पहिला प्राणी भेटेल तेवढाच पकडायचा, आणि लढाईत जो बेशुद्ध पडेल तो मेला असे समजून कायमचा सोडून द्यायचा. त्याने आपल्या खेळाची चित्रकथा काढली, आणि आता 'नझलॉक' या नावाने हजारो लोक तसे खेळतात. खेळ बनवणाऱ्या कंपनीने हे नियम केलेले नाहीत. यंत्राला ते ठाऊकही नाहीत. खेळणाऱ्याने मोडले तर कुणाला पत्ता लागणार नाही. दुसऱ्या एकाने तर 'सुपर मारिओ 64' मध्ये उडीचे बटण कमीत कमी वेळा दाबून चांदण्या मिळवण्याचा ध्यास घेतला. मारिओ हा उड्या मारण्यासाठीच जन्मलेला प्राणी, आणि त्याला उडी मारू द्यायची नाही! अर्ध्या दाबात एक टप्पा कसा पार होतो यावरची त्याची 2016 सालची चित्रफीत लाखो लोकांनी पाहिली. अर्धा दाब म्हणजे काय, हे भाच्याने मला तीन वेळा समजावून सांगितले. बटण आधीच्या टप्प्यात दाबून धरायचे आणि इथे फक्त सोडायचे, म्हणजे दाबण्याचा अर्धाच भाग इथे खर्ची पडतो. वेदान्तातही इतके बारीक कातलेले मी पाहिलेले नाही.

असो. मला या वहीत रस वाटला तो वेगळ्या कारणासाठी. मराठीत याला शब्द आहे. आव्हान हा नव्हे, तो इंग्रजीच्या मागून आला. आपला शब्द आहे 'नेम'. चातुर्मास लागला की आमच्या घरातल्या बायका नेम धरीत. कुणी अळणी जेवी, कुणी एकभुक्त राही, कुणी केळीच्या पानावरच जेवायचे ठरवी, कुणी लक्ष वाती वळी. सांगणारा कुणी नसे. मोडला तर विचारणाराही नसे. पण चार महिने संपले की नेमाचे उद्यापन होई. भाच्याच्या वहीतल्या तारखा म्हणजे उद्यापनेच की! आणि बंदूक रोखण्यालाही आपण 'नेम धरणे'च म्हणतो. एकाच शब्दात व्रतही आणि निशाणाही.

आता थोडा निपाणीचा इतिहास सांगतो, कारण त्याशिवाय त्या वहीतले पहिले पान कळणार नाही.

निपाणी हे पुणे-बेंगळुरू महामार्गावरचे गाव. तंबाखूची पेठ, आणि तंबाखूच्या जोडीने विडीचा धंदा. 1981 साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या शेतकऱ्यांनी याच महामार्गावर ठाण मांडले होते. पोलिसांच्या गोळीबारात बारा शेतकरी मेले. विड्या वळणाऱ्या बायांच्या संघटनेचा लढाही याच गावातला. विडीची मजुरी हजारावर असते. हजार विड्या वळल्या की इतके पैसे, आणि त्यातूनही वाकड्या म्हणून काढलेल्या विड्या वजा. या गावात 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात दोन-तीन व्हिडिओ गेमची दुकाने होती. दुकाने कसली, पत्र्याच्या खोल्या. आत लाकडी कपाटात बसवलेले टीव्हीचे पडदे, दोन दांड्या, सहा बटणे, आणि नाणे टाकायची फट. एक रुपयाला एक डाव.

त्या खोल्यांतला राजा होता 'मुस्तफा'. खेळाचे खरे नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. जपानच्या कॅपकॉम कंपनीने 1993 साली तो काढला, एका अमेरिकन चित्रकथेवरून. त्यात चार पात्रे होती, जॅक, हॅना, मेस आणि मुस्तफा. यातला मुस्तफा चपळ, पिवळी टोपीवाला, धावत येऊन लाथ मारणारा. भारतभर पोरांनी खेळाचे मूळ नाव फेकून दिले आणि त्याचे नाव 'मुस्तफा' ठेवले. निपाणीतही तेच. पडद्यावरची इंग्रजी कुणी वाचीत नसे. टिळा लावलेली पोरे, टोपी घातलेली पोरे, गळ्यात लिंग असलेली पोरे, सगळ्यांना मुस्तफाच व्हायचे असे. नाव कुठल्या समाजाचे आहे याचा विचार कुणी केला नाही. आजकालच्या दिवसांत ही गोष्ट मुद्दाम लिहून ठेवावीशी वाटते.

भाच्याच्या खिशात रविवारी पाच-सहा रुपये असत. त्याचा एक वर्गमित्र होता, त्याची आई विड्या वळायची. त्याला आठवड्याला एक रुपया मिळे. एकच. पाच रुपयेवाला भाचा मेला की दुसरे नाणे टाकी, पुन्हा मेला की तिसरे. खेळात मेल्यावर दहापासून उलटी गणती सुरू होते, ती शून्यावर पोचायच्या आत नाणे टाकले तर तिथूनच पुढे चालू. मित्राला ती गणती शून्याला जाताना नुसती पाहत राहावी लागे. म्हणून त्याने काय केले? सहा दिवस तो दुसऱ्यांचे खेळ पाहत उभा राही. कुठल्या कोपऱ्यातून कोण येते, पिंपात कुठे खाऊ आहे आणि कुठे बॉम्ब, कुठला मोठा राक्षस तिसऱ्या फटक्यानंतर दोन पावले मागे जातो, हे सगळे त्याने पाठ केले. आणि सातव्या दिवशी एका रुपयात आठच्या आठ टप्पे पार करू लागला. दुकानवाला वैतागायचा, कारण तासभर यंत्र अडून राही आणि गल्ल्यात रुपयाच पडे. त्याने त्या पोराला दिवसा खेळायला बंदी केली. मग तो दुपारी दोनला, उन्हाच्या वेळी, दुकानात कुणी नसताना येऊ लागला.

"त्याचा नेम नव्हता तो, मामा," भाचा म्हणाला. "त्याची अडचण होती. आम्ही नंतर तिचा नेम केला."

हे वाक्य ऐकल्यापासून माझ्या डोक्यात घोळते आहे. भाच्याच्या वहीचे पहिले पान म्हणजे तो एक रुपया. आज त्याच्या संगणकावर हाच खेळ फुकट चालतो, एक कळ दाबली की नाणे पडते, हवी तितकी नाणी. पण तो एकच टाकतो. ज्याची आई विड्या वळायची तो मित्र आता पुण्याच्या बाजूला एका कारखान्यात आहे आणि व्हिडिओ गेम मुळीच खेळत नाही. भाच्याने त्याला फोनवर सांगितले की मी अजून एका नाण्यात खेळतो, तर तो म्हणे हसला आणि म्हणाला, "तुला काय कमी आहे बाबा?"

अडचणीचा नेम होणे ही गोष्ट व्हिडिओ गेमच्या इतिहासात दुसरीकडेही दिसते. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा खेळ आमच्या पिढीनेही ऑफिसच्या संगणकावर चोरून खेळलेला आहे. जॉर्डन मेकनर नावाच्या तरुणाने 1989 साली तो ॲपलच्या संगणकासाठी केला. धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला लावून त्याचे चित्रीकरण केले आणि एकेक चित्र गिरवून राजपुत्र तयार केला. पण राजपुत्रानेच संगणकाची सगळी स्मृती खाऊन टाकली. शत्रूसाठी नवी चित्रे ठेवायला जागाच उरेना. तेव्हा त्याने राजपुत्राचीच चित्रे उलटसुलट करून एक सावलीसारखा प्रतिस्पर्धी उभा केला. जागेच्या टंचाईतून जन्मलेली ती सावली खेळातली सर्वांत अविस्मरणीय गोष्ट ठरली. शेवटाकडे ती तलवार उपसून समोर येते. तिला मारले तर तुमचेच रक्त कमी होते. तलवार म्यान करून तिच्या अंगावर चालून गेलात तर दोघे एक होतात आणि वाट मोकळी होते. हे कळेपर्यंत आमच्या ऑफिसातल्या दोन लेखनिकांनी महिना घालवला होता. साठ मिनिटांची मुदत, बारा टप्पे, मेलात तरी घड्याळ थांबत नाही. यात भाचा औषधाच्या बाटल्याही पीत नाही.

उलट उदाहरणही आहे. 'कॉन्ट्रा' या खेळात वर-वर-खाली-खाली-डावे-उजवे-डावे-उजवे आणि मग दोन बटणे दाबली की तिनाच्या जागी तीस लाइफ मिळतात. हा कोड मुळात काझुहिसा हाशिमोतो या जपानी माणसाने 1986 सालच्या 'ग्रॅडियस' या खेळासाठी केला, कारण स्वतःचाच खेळ तपासताना त्याला तो पार करता येईना. करणाऱ्याने स्वतःसाठी ठेवलेली पळवाट जगभर प्रसिद्ध झाली. निपाणीत 'टर्मिनेटर' नावाचे स्वस्त यंत्र ज्याच्या घरी असे तिथे ही मंत्रावली मुंज झालेल्या मुलाच्या गायत्रीसारखी कानात सांगितली जाई. 'तीन लाइफ, कोड नाही' या नेमाची किंमत हे माहीत असल्याशिवाय कळत नाही.

पण अटी घालून खेळायची ही खोड संगणकाने लावली असे म्हणाल तर ते मला मान्य नाही. आपल्या देशी बुद्धिबळाकडेच पाहा. आज आपण आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळतो. गोव्याने अनुराग म्हामल, लिऑन मेंडोन्सा असे ग्रँडमास्टर दिले, 2025 साली विश्वचषक गोव्यात झाला, सगळे छान. पण आमच्या आजोबांच्या पिढीत दुसरे बुद्धिबळ होते. त्यात प्रतिस्पर्ध्याची सगळी मोहरी मारून राजा एकटा पाडला तर तो विजय नव्हे, ती 'बुर्जी', म्हणजे अर्धामुर्धा निकाल. म्हणून चांगला खेळाडू शेवटचे मोहरे मुद्दाम जिवंत ठेवी आणि ते सांभाळून मात करी. शत्रूचे शेवटचे प्यादे वाचवण्यासाठी स्वतःचा हत्ती आडवा घालायचा, अशी वेळ येई. आणि सर्वांत मानाची मात कुठली? वजिराची नव्हे. प्याद्याची. 'प्यादेमात' केली की सगळी बैठक वाहवा करी. हातात वजीर असताना प्याद्याने मारायचे, ही अट नियमात कुठेही नाही. ती खेळणाऱ्यांच्या अब्रूत आहे. युरोपातही जुन्या काळी बलवान खेळाडू आपल्या एका प्याद्याला टोपी घालून ठेवीत आणि याच प्याद्याने मात करीन असे आधीच जाहीर करीत. टोपीवाले प्यादे आणि पिवळ्या टोपीचा मुस्तफा, दोघे एकाच घराण्यातले म्हणायला हरकत नाही.

देशी बुद्धिबळाचे हे जग आणि साहेबाचे बुद्धिबळ यांची गाठ मुंबईत पडली. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांनी 1814 साली मुंबईत आपल्या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी रूपांतर छापले, युरोपीय रीतीला जुळवून घेऊन. पाश्चात्त्य अभ्यासकांनी त्याची दखल घेतली, एच. जे. आर. मरे यांच्या 1913 सालच्या बुद्धिबळाच्या मोठ्या इतिहासातही तो आहे. पुढे हळूहळू जुने नियम गेले. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळासारख्या संस्थांनी नवा खेळ रुजवला आणि दक्षिण महाराष्ट्रातून कितीतरी चांगले खेळाडू तयार झाले. बुर्जी मात्र हरवली. मला वाईट वाटते ते तिचे.

याहीपेक्षा जुना धागा थेट बेळगाव-गोव्याचा आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. शंभर अध्यायांच्या या ग्रंथात राज्य कसे करावे इथपासून मांडे कसे करावेत इथपर्यंत सगळे आहे, आणि राजाने कुठले खेळ कसे खेळावेत तेही आहे. त्यात बुद्धिबळ आले. आता नाते पाहा. गोव्याच्या कदंबांचा राजा जयकेशी दुसरा याची राणी मैलालदेवी ही चालुक्य विक्रमादित्य सहावा याची मुलगी, म्हणजे सोमेश्वराची बहीण. खेळांवर लिहिणारा तो राजा आमच्या गोपकपट्टणाच्या राजाचा मेव्हणा! कदंबांची दुसरी राजधानी हलशी, आजच्या खानापूर तालुक्यात, बेळगावपासून फार दूर नाही. गोवा आणि बेळगाव एका राज्यात होते तेव्हाची ही गोष्ट. भाषिक प्रांतरचनेचा 1956 चा कायदा, 1966 सालचा महाजन आयोग, 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडलेला महाराष्ट्राचा दावा, 2014 साली बेळगावचे अधिकृतपणे झालेले 'बेळगावी', हे सगळे त्याच्या आठशे-नऊशे वर्षांनंतरचे.

त्या काळच्या पंडितांना आवडणारा एकट्याचा खेळ होता घोडा फिरवण्याचा. पटावर फक्त एक घोडा. अडीच घरांच्या चालीने त्याने चौसष्ट घरांत प्रत्येकी एकदाच जायचे, एकाही घरात दुसऱ्यांदा पाय टाकायचा नाही. प्रतिस्पर्धी नाही, हार-जीत नाही, नुसता नेम. नवव्या शतकातल्या रुद्रटाने 'काव्यालंकारा'त अर्ध्या पटावर हे करून दाखवले, तेही श्लोकाची अक्षरे अशी रचून की सरळ वाचा किंवा घोड्याच्या चालीने वाचा, श्लोक तोच निघतो. सतराव्या शतकात पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातल्या नीळकंठ भट्टांनी 'नीतिमयूखा'त घोड्याच्या फेऱ्या दिल्या. म्हैसूरचे राजे मुम्मडी कृष्णराज वडेयर यांना एकोणिसाव्या शतकात याचा असा नाद होता की त्यांनी अशा अनेक फेऱ्या रचल्या. इंग्रजांनी राज्याचा कारभार हातातून काढून घेतल्यावर राजाने चौसष्ट घरांवर राज्य केले, असे कुणी म्हटले तर मी विरोध करणार नाही.

पण राजे आणि पंडित जाऊ द्यात. निपाणीच्या माळावरच्या पोरांकडे येतो, कारण मला खरे सांगायचे आहे ते विटीदांडूविषयी.

आमच्याकडे गोव्यात त्याला कोयंडे-बाल म्हणतात, कानडीत चिन्नी-दांडू. खेळ सर्वांना माहीत आहे, गलीवरून विटी कोलायची, टोला मारायचा, मग गलीपासून विटीपर्यंतचे अंतर दांडूने मोजायचे. मोजताना एक, दोन, तीन म्हणायचे नाही. म्हणायचे वकट, लेंड, मूंड, नाल, आर… गावागणिक पुढचे शब्द बदलतात, पण सुरुवात हीच. आणि गंमत पुढे आहे. मोजणी ज्या शब्दावर थांबेल त्या शब्दाने पुढचा टोला कसा मारायचा ते ठरते. एकाला विटी पायावर ठेवून उडवायची, एकाला मुठीवर, एकाला डोळ्यावर. म्हणजे चांगला लांब टोला मारलात की खेळ तुमच्यावरच एक नवी अट घालतो. आणि हुशार पोरे अशी की सोपा शब्द येईल इतकाच टोला मारण्याऐवजी मुद्दाम डोळ्यावरचा येईल असा मारीत. डोळ्यावरून विटी उडवणाऱ्याला मान असे. आईने पाहिले तर पाठीत धपाटाही.

आता हे शब्द कुठले? लहानपणी मला वाटे कानडी असतील, बेळगावच्या बाजूने आलेले. नाहीत. कानडीत एक म्हणजे ओंदु, दोन म्हणजे एरडु. तेलुगूत एक म्हणजे ओकटि, दोन रेंडु, तीन मूडु, चार नालुगु. ओकटिचे वकट, रेंडुचे लेंड, कुठे कुठे रेंडच, मूडुचे मूंड. हे स्वच्छ तेलुगू आहे. 'आर' तर दोन्ही भाषांत सहा, आणि आपण तो पाचव्या जागी म्हणतो, पाच मधल्या मध्ये कुठे सांडले कोण जाणे. गंमत पाहा, निपाणीतल्या पोराच्या कानावर रोज बाजारात कानडी पडते, शेजारच्या घरात कानडी बोलतात, गाडीच्या पाटीवर कानडी असते. पण विटी मोजताना तो तेलुगूत मोजतो. आणि पुण्यात, कोकणात, जिथे कानडी-तेलुगूचा वाराही नाही तिथेही पोरे हेच म्हणत. दगड फोडणारे, तळी-विहिरी खोदणारे वडार लोक घरात तेलुगूच बोलतात आणि सगळा महाराष्ट्र फिरलेले आहेत. त्यांच्या पोरांनी गावोगावच्या माळावर ही मोजणी सोडली असेल का, असे माझ्या मनात येते. कशीही आलेली असो, ती कुठल्या पाटीवर लिहून आली नाही आणि कुठल्या आयोगाला विचारून आली नाही.

भाच्याला मी हे सांगितले तेव्हा तो बेळगावच्या कॉलेजातल्या दिवसांविषयी बोलू लागला. 2003 ते 2007 ही त्याची वर्षे. टिळकवाडीच्या बाजूला तेव्हा सायबर कॅफे गल्लोगल्ली होते, तासाला पंधरा-वीस रुपये. रात्री दहानंतर ओळखीच्या मुलांसाठी शटर अर्धे खाली ओढून 'काउंटर-स्ट्राइक' चाले. एका रांगेत बसलेली दहा मुले. मराठी, कानडी, बेळगावची ती दख्खनी हिंदी, आणि गोव्याहून शिकायला आलेल्या दोघांची कोंकणी. बाहेर एखाद्या दिवशी बंद असे, बसवर दगड पडत, शहरात तणाव असे. आत दहा जण मिळून ठरवीत की या फेरीत कुणीही बंदूक चालवायची नाही, फक्त चाकू. खेळाचा नियम तसा नव्हता. कुणी बंदूक काढली असती तर यंत्राने अडवले नसते. "पण काढत नव्हते कुणी," भाचा म्हणाला. "एकदा एकाने काढली. त्याच्याशी आठ दिवस कुणी बोललं नाही. भाषा कुठली का असेना, 'चाकू' म्हटलं की चाकू."

यावर मला पुष्कळ लिहिता आले असते. पण तो खेळाबद्दल बोलत होता आणि मीही खेळाबद्दलच लिहितो आहे.

त्या काळातला त्याचा सर्वांत लाडका खेळ म्हणजे 'आय.जी.आय.', 2000 साली आलेला. एकटा हेर, शत्रूचा तळ, बर्फ, काटेरी तारा, फिरणारे कॅमेरे. भारतात तो जितका खेळला गेला तितका त्याच्या जन्मभूमीत युरोपातही खेळला गेला असेल असे वाटत नाही. त्यात मोहिमेच्या मध्ये खेळ जतन करून ठेवायची सोयच नाही. पाऊण तास सरपटत जाऊन शेवटच्या दारात गोळी लागली तर पुन्हा पहिल्या तारेपासून. आणि बेळगावात तेव्हा वीज केव्हा जाईल याचा नेम नसे (पाहा, हा आणखी एक नेम!). कॅफेचा इन्व्हर्टर दहा मिनिटे टिके. वीज गेली की ओरडा होई आणि पाठोपाठ दहा खुर्च्यांवरून दहा जण उरलेल्या मिनिटांत मोहीम पुरी करायला धावत सुटत, लपणे-छपणे सोडून. भाचा म्हणतो, आयुष्यातला सर्वांत चांगला खेळ मी त्या दहा मिनिटांत खेळलो आहे.

आता त्याच्या घरी वीज जात नाही. तरी 'आय.जी.आय.'च्या पानावर त्याने लिहिले आहे : 'फक्त पिस्तूल. एकदाही गजर वाजता कामा नये. प्रत्येक मोहिमेची शेवटची दहा मिनिटे घड्याळ लावून.' चौदा मोहिमा आहेत. मी गेल्या महिन्यात त्याच्याकडे दोन दिवस राहून आलो तेव्हा तो नवव्या मोहिमेत होता, आणि त्याची आठ वर्षांची मुलगी मागे उभी राहून कॅमेरा कधी वळतो ते मोजत होती. एक, दोन, तीन असे नव्हे. मी दुपारी तिला अंगणात शिकवले होते तसे. वकट, लेंड, मूंड, नाल…

नालला कॅमेरा वळला आणि गजर वाजला.

"आजोबा, आरला वळायला पाहिजे होता की!" ती माझ्यावर चिडली. भाच्याने न बोलता पहिल्या तारेपासून पुन्हा सुरू केले.